पाऊल : रचना आणि राखण



या स्मृतिव्याख्यानासाठी विषय कळवावा असे संयोजकांचे पत्र आले, तेव्हा मी 'पाऊल' एवढा एकच शब्द लिहून पाठविला. हृदय, मेंदू, डोळा या मानाच्या अवयवांवर व्याख्याने पुष्कळ होतात. पायाच्या वाट्याला ते भाग्य क्वचितच येते. थोरामोठ्यांच्या चरणांवर आपण मस्तक ठेवतो. पण स्वतःचे तळवे शेवटचे केव्हा नीट पाहिले, असे विचारले तर या सभागृहातील बहुतेकांना उत्तर देता येणार नाही. ज्यांच्या स्मरणार्थ आपण येथे जमलो आहोत, त्यांची पिढी हिरण्यकेशीच्या दोन्ही तीरांवरील खेडी पायी तुडवून मुले शाळेत आणणारी होती. तेव्हा हा विषय या प्रसंगाला अगदीच विसंगत ठरू नये.

अस्थिरोगाचा वैद्य या नात्याने माझे बरेचसे आयुष्य लोकांच्या गुडघ्याखालच्या भागाशी निगडित राहिले. त्या अनुभवातून मला जे सांगावयाचे आहे ते थोडक्यात असे : पाऊल उभे राहते हाडांवर, परंतु टिकते ते संवेदनेवर. ही संवेदना म्हणजे काय, ती कोठून कोठे जाते आणि ती हरपली की काय होते, हे समजण्यासाठी प्रथम रचना पाहिली पाहिजे.

नावे आणि ज्ञानाचा उगम

मराठीत 'पाय' हा शब्द कमरेपासून बोटांपर्यंतच्या साऱ्या भागाला चालतो. आपल्या शेजारची, किंबहुना आपल्यापैकी अनेकांच्या घरातली कानडीही 'कालु' या एका शब्दात तेवढेच सामावते. त्यामुळे रुग्ण 'पाय दुखतो' म्हणाला की वैद्याला 'बोट ठेवून दाखवा' असे म्हणावे लागते. मात्र बोट ठेवल्यावर आपल्या भाषेजवळ नेमके शब्द आहेत : पुढे नडगी, मागे पोटरी, खाली घोटा, टाच, तळवा, चवडा, अंगठा, करंगळी. पाठ्यपुस्तकातील संस्कृत संज्ञा विसरल्या तरी चालतील. एवढे शब्द आजच्या व्याख्यानाला पुरेसे आहेत.

देहाचे हे ज्ञान आपल्याकडे जुने आहे. सुश्रुतसंहितेच्या शारीरस्थानात प्रेत गवतात गुंडाळून वाहत्या पाण्यात ठेवावे आणि सात रात्रींनंतर ते हळूहळू घाशीत एकेक थर डोळ्यांनी पाहावा, अशी पद्धत सांगितली आहे. चरकाने हाडे ३६० मोजली, सुश्रुताने ३००. त्यांत दात, कूर्चा वगैरेही धरल्या होत्या. आजची प्रौढ माणसातील गणना २०६ आहे. सुश्रुताने पायातील मर्मस्थाने सांगताना अंगठा आणि शेजारचे बोट यांच्या मधल्या जागेला 'क्षिप्र' असे नाव दिले आणि तेथे वेध झाल्यास आचके येऊन मृत्यू ओढवतो असे म्हटले. ते वाचताना मला काटा किंवा खिळा रुतून होणाऱ्या धनुर्वाताची आठवण होते.

ही परंपरा ग्रंथातच राहिली असे नाही. आपल्याच जिल्ह्यात, बेळगावात, २०१० साली डॉ. महांतेश रामण्णवर यांनी आपल्या वडिलांनी दान केलेल्या देहाचे विच्छेदन विद्यार्थ्यांसमोर स्वतःच्या हातांनी केले. तशी वडिलांचीच इच्छा होती. आज मी नडगीविषयी आणि घोट्याविषयी जे सांगणार आहे, ते अशा अनेक अनाम दात्यांच्या देहांवरून आम्ही शिकलो आहोत, याचे स्मरण आरंभीच करणे मला कर्तव्य वाटते.

नडगी आणि पोटरी

गुडघ्यापासून घोट्यापर्यंत दोन हाडे असतात. आतल्या बाजूचे जाड हाड म्हणजे टिबिया. शरीराचा भार मुख्यतः हेच वाहते. बाहेरच्या बाजूचे बारीक हाड म्हणजे फिब्युला. त्याच्या वाट्याला भाराचा लहानसा अंश येतो. म्हणूनच शरीरात दुसरीकडे हाडाचा तुकडा बसवावयाचा झाल्यास शल्यचिकित्सक फिब्युलाच्या मधल्या भागातून तो काढून घेऊ शकतो, आणि माणूस पूर्ववत् चालू शकतो.

नडगीवर बोट फिरवून पाहा. टिबियाची पुढची कड आणि आतली बाजू थेट कातड्याखाली लागते. मध्ये स्नायूची गादी नाही. हाडावरील पातळ आवरणात वेदनेचे तंतू दाट असल्याने तेथे लागलेला मार डोळ्यांसमोर काजवे आणतो. या उघडेपणाची किंमतही मोठी आहे. ऊसतोडीत निसटलेला कोयता किंवा पुणे-बंगळूर महामार्गावर आदळलेली मोटारसायकल या दोहोंचा घाव प्रथम नडगीवर बसतो, आणि मोडलेले हाड सहज कातडी फोडून बाहेर येते. त्यातच टिबियाच्या खालच्या तिसऱ्या भागाला रक्तपुरवठा बेताचा असतो. त्यामुळे तेथील हाड जुळण्यास अनेक महिने लागतात. अशी जखम स्वच्छ कापडाने झाकावी, पाय फळीला हलकेच बांधून स्थिर करावा आणि रुग्णास विनाविलंब रुग्णालयात न्यावे. वर हळद, चुना किंवा माती भरू नये.

गुडघ्याखालचे स्नायू चार कप्प्यांत विभागलेले असतात. या कप्प्यांच्या भिंती चिवट पडद्यांच्या असून त्या फारशा ताणत नाहीत. मार लागून आत रक्त साचले, सूज चढली, तर आतील दाब वाढत जातो आणि स्नायूंचे रक्ताभिसरण गुदमरते. अशा वेळी बाहेरून बांबूच्या कामट्या घट्ट आवळून बांधल्या, तर हा धोका दुणावतो. बांधल्यावर वेदना कमी होण्याऐवजी वाढू लागली, बोटे हलविताना असह्य कळ आली, बोटे बधिर किंवा थंडगार पडली, तर बंधन कोणीही बांधलेले असो, ते त्याच क्षणी सैल करावे आणि रुग्णालय गाठावे. साधारणतः सहा तासांनंतर स्नायू मरू लागतात. पुढे पाय गमावण्याची वेळ येते ती बहुधा हाड मोडल्यामुळे नव्हे, तर हे तास वाया गेल्यामुळे.

मागची पोटरी दोन कामे करते. पहिले टाच उचलण्याचे. तिचे दोन प्रमुख स्नायू खाली एकत्र येऊन एक जाड शीर बनते व टाचेच्या हाडाला मागून जोडली जाते. खेड्यात हिला घोडशीर म्हणतात; पाश्चात्त्य वैद्यकात ती ग्रीक वीर अकिलिस याच्या नावाने ओळखली जाते, कारण त्याचा देह टाचेपुरताच वेध्य होता अशी कथा आहे. आपल्या महाभारतातही श्रीकृष्णाला जरा नावाच्या व्याधाचा बाण लागला तो पायाच्या तळव्यावरच. दोन दूरच्या संस्कृतींना थोरांचे मर्मस्थान पावलातच सापडावे, हा योगायोग विचार करण्याजोगा आहे.

पोटरीचे दुसरे काम रक्त वर चढविण्याचे. हृदयाने पावलापर्यंत ढकललेले अशुद्ध रक्त सुमारे मीटरभर उंची चढून परत गेले पाहिजे. पोटरी आवळली की आतील नीला पिळल्या जातात आणि रक्त वर सरकते. नीलांतील झडपा ते पुन्हा खाली उतरू देत नाहीत. विहिरीवरच्या रहाटासारखे हे काम चालते, आणि म्हणून पोटरीला दुसरे हृदय म्हणतात. चालणाऱ्याचा हा रहाट फिरता राहतो; तासन्‌तास एका जागी उभ्या राहणाऱ्याचा तो थांबतो. शिक्षक, वाहक, आचारी यांच्या पायांवर निळ्या नागमोडी नीला फुगलेल्या दिसतात त्या यामुळे. फळ्यासमोर उभ्या असलेल्या शिक्षकाने अधूनमधून टाचा उचलल्या, दोन पावले इकडेतिकडे टाकली, तरी पुष्कळ उपकार होतात. जाता जाता सांगतो, आतल्या घोट्यासमोरून वर जाणारी जी लांब नीला आहे, तीच काढून हृदयाच्या बंद पडलेल्या धमनीला वळसा देण्याची शस्त्रक्रिया १९६७ साली रेने फावालोरो या अर्जेंटिनी शल्यविशारदाने अमेरिकेत रूढ केली. म्हणजे पायाने प्रत्यक्ष हृदयालाही हातभार लावला आहे.

घोटा

सुतार लाकडात खाच पाडून तीत कुसू बसवितो, तसा घोट्याचा सांधा आहे. टिबिया आणि फिब्युला यांची खालची टोके मिळून खाच तयार होते. आपण ज्यांना घोटे म्हणतो ते दोन उंचवटे म्हणजे या खाचेच्या भिंती. तीत टॅलस नावाचे हाड अडकते. या हाडाला एकही स्नायू जोडलेला नाही. तरीही देहाचा सारा भार त्याच्यावरून पावलात उतरतो. हा सांधा पाऊल वरखाली करतो. पाऊल आत-बाहेर कलविण्याचे काम टॅलसखालच्या सांध्याचे. शेताच्या बांधावरून, गाडीवाटेच्या चाकोरीतून आपण पडल्याशिवाय जातो ते या दुसऱ्या सांध्यामुळे.

बाहेरचा घोटा आतल्यापेक्षा खाली उतरलेला असतो, म्हणून पाऊल बाहेर कलंडण्यापेक्षा आत कलंडते, आणि पाय मुरगळला की बहुधा बाहेरच्या घोट्यापुढील अस्थिबंध ताणला जातो. विश्रांती, थंड पाण्याच्या घड्या, बेताची पट्टी आणि पाय उंच ठेवणे एवढ्यावर बहुतेक मुरगळ बरी होते. मात्र चार पावलेही टाकवत नसतील किंवा प्रत्यक्ष हाडावर दाबल्यास दुखत असेल, तर क्ष-किरण तपासणी करावी.

आपला घोटा आणि आपले जीवन यांचा संबंध हाडांवरही उमटतो. लाहोरचे शरीररचनाशास्त्राचे अध्यापक हॅवलॉक चार्ल्स यांनी १८९३ साली पंजाबी लोकांच्या हाडांवरील निबंधात दाखविले की, उकिडवे बसणाऱ्यांच्या टिबियाच्या खालच्या कडेवर आणि टॅलसच्या मानेवर लहान गुळगुळीत चकत्या असतात. दोन हाडे वारंवार एकमेकांना टेकल्याच्या त्या खुणा होत. पाश्चात्त्य कृत्रिम पाऊल आपल्याकडे रुजेना त्याचेही कारण हेच. ते बुटासाठी घडविलेले होते. त्यावर उकिडवे बसता येत नसे, मांडी घालता येत नसे, अनवाणी शेतात जाता येत नसे. १९६८ च्या सुमारास जयपूरचे डॉ. प्रमोद करण सेठी आणि कारागीर रामचंद्र शर्मा यांनी रबराचे लवचिक पाऊल घडविले आणि ही अडचण दूर झाली. डॉ. सेठींना १९८१ साली मॅगसेसे पुरस्कार मिळाला. पदवीधर शल्यविशारद आणि हाताने घडविणारा कारागीर यांनी एकत्र बसून विचार केला की काय घडते, याचे हे उदाहरण शाळेतील मुलांना अवश्य सांगावे.

पावलाची कमान

एका पावलात २६ हाडे असतात : मागे ७ आखूड हाडे, मध्ये ५ लांबट हाडे आणि बोटांत १४. दोन्ही पावलांची मिळून ५२, म्हणजे देहातील एकूण हाडांच्या चौथाई. त्यांना जोडणारे सांधे तिसाहून अधिक आणि अस्थिबंध शंभराहून अधिक आहेत. एवढा भार पेलण्यासाठी एकसंध ठोकळा का नाही, असा प्रश्न पडतो. उत्तर असे की, पावलाला दोन परस्परविरुद्ध कामे करावयाची असतात. जमिनीला टेकताना ते मऊ होऊन खाचखळग्यांशी जुळते झाले पाहिजे, आणि पुढच्याच क्षणी शरीर पुढे ढकलण्यासाठी ताठ झाले पाहिजे.

हे साधते कमानीमुळे. ओले पाऊल शहाबादी फरशीवर टेकवा. टाच, बाहेरची कड, चवडा आणि बोटे उमटतील, आतली बाजू कोरडी राहील. ती कोरडी जागा म्हणजे कमान. परंतु ही पुलाच्या दगडी कमानीसारखी निर्जीव नव्हे. तिला धनुष्याची उपमा अधिक शोभते. टाचेपासून बोटांच्या मुळापर्यंत तळव्यात एक जाड पडदा ताणलेला असतो, तो या धनुष्याची दोरी. टाच उचलून बोटे वर वळली की ही दोरी अंगठ्याच्या मुळाभोवती गुंडाळली जाते, आखडते आणि कमान उंचावून ताठ होते. हिक्स या इंग्रज संशोधकाने १९५४ साली या क्रियेचे वर्णन केले. सकाळी अंथरुणातून उठताना पहिल्या पावलाला टाचेत कळ येते, ती बहुतेकांच्या बाबतीत या दोरीच्या टाचेकडील टोकाची असते. पोटरी व तळवा हळुवार ताणण्याचा व्यायाम हा तिच्यावरील पहिला उपाय.

लहान मुलांची पावले सपाट दिसतात म्हणून पालक घाबरतात. पहिल्या काही वर्षांत तळव्यात चरबी भरलेली असते व अस्थिबंध सैल असतात. पुढे कमान आपोआप आकारास येते. मूल वेदनेविना धावत असेल तर बहुधा खास बुटांची गरज नसते. मात्र जन्मतःच पाऊल आत व खाली वळलेले असेल, तर एक दिवसही वाया घालवू नये. हजार जन्मांत साधारण एक मूल असे जन्मते. इग्नासिओ पॉन्सेटी यांच्या पद्धतीने पहिल्या काही आठवड्यांत दर आठवड्याला प्लास्टर बदलत नेल्यास, बहुधा घोडशिरेला एक छोटासा छेद देऊन आणि पुढे चार-पाच वर्षांचे होईपर्यंत रात्री विशिष्ट पट्ट्या वापरून असे पाऊल सरळ होते. ग्रहणाला किंवा आईच्या चुकीला दोष देणे सोडून मूल वेळीच दवाखान्यात न्यावे, एवढेच आपल्या हाती असते.

ही कमान किती जुनी? टांझानियातील लेतोली येथे मेरी लीकी यांच्या पथकाला १९७८ साली ज्वालामुखीच्या राखेत उमटलेली पावले सापडली. ती सुमारे ३६ लक्ष वर्षांपूर्वीची आहेत, आणि त्यांत अंगठा इतर बोटांच्या ओळीत आहे. माणसाचा मेंदू मोठा होण्याच्या पुष्कळ आधी त्याचे पाऊल माणसासारखे झाले होते.

तळपायाची आग

आता मुख्य मुद्द्याकडे येतो. आळंदीहून पंढरपूर पालखीमार्गाने सुमारे २५० किलोमीटर आहे. एक पाऊल सरासरी ६५ सेंटिमीटरचे धरले तर वारकरी जवळजवळ पावणेचार ते चार लक्ष पावले टाकतो. प्रत्येक पावलाच्या वाट्याला सुमारे दोन लक्ष. प्रत्येक वेळी टाच टेकते, भार बाहेरच्या कडेने पुढे सरकतो आणि शेवटी अंगठ्याच्या मुळाशी येऊन देह पुढे ढकलला जातो. एवढे होऊनही बहुसंख्य वारकऱ्यांची पावले फाटत नाहीत, ती का?

टाचेखाली चरबीने भरलेल्या लहान लहान कप्प्यांची गादी आहे, हे एक कारण. परंतु तेवढे पुरेसे नाही. दुसरे कारण असे की, पाऊल सतत बातमी देत असते. तळव्यातील मज्जातंतू आतल्या घोट्यामागून वर जातात, मांडीतील अंगठ्याएवढ्या जाड मज्जारज्जूशाखेत मिसळतात आणि पाठीच्या कण्यात शिरतात. अंगठ्याच्या टोकापासून कण्यापर्यंत जाणारा तंतू सुमारे मीटरभर लांबीचा असतो. शरीरातील सर्वांत लांब तंतू हेच. 'तळपायाची आग मस्तकात जाणे' हा आपला वाक्प्रचार रागाचे वर्णन करतो, पण शरीरशास्त्राच्या दृष्टीनेही तो तंतोतंत खरा आहे. ती आग मस्तकात पोहोचते म्हणूनच पाऊल वाचते. एका जागी त्वचा हुळहुळी झाली की माणूस नकळत चाल बदलतो, भार दुसरीकडे टाकतो, थांबतो, चप्पल काढून पाहतो. हे सारे त्याच्या ध्यानातही येत नाही.

या साध्या गोष्टीचे महत्त्व जगाला पटविले ते डॉ. पॉल ब्रँड यांनी. ते तामिळनाडूतील कोल्ली डोंगरात १९१४ साली जन्मले आणि १९४६ पासून वेल्लोरच्या वैद्यकीय महाविद्यालयात त्यांनी कुष्ठरुग्णांच्या हातापायांचा अभ्यास केला. कुष्ठरोगाने बोटे 'झडतात' असा सार्वत्रिक समज होता. ब्रँड यांनी दाखविले की, रोग मज्जातंतू बधिर करतो आणि बधिर अवयव रोजच्या वापरात जखमी होत होत झिजतो. काही रुग्णांची बोटे रात्रीत नाहीशी होत. शोध घेतला तेव्हा झोपेत उंदीर ती कुरतडत असल्याचे आढळले, आणि रुग्णांना मांजरे पाळावयास दिली गेली. त्याहून महत्त्वाचे त्यांचे निरीक्षण असे की, पायाला क्षते पडतात ती नेहमी खिळ्या-काट्यांनीच नव्हे. एकाच जागी पडणारा साधाच दाब, पण हजारो वेळा, आणि मधे एकदाही चाल न बदलता. त्याने त्वचा आतून सुजते व फुटते. निरोगी माणूस लंगडतो म्हणून बचावतो, बधिर पावलाचा माणूस लंगडत नाही म्हणून पाय गमावतो.

कुष्ठरोगाचे जंतू मारणारी औषधे १९८० च्या दशकापासून सर्वत्र उपलब्ध झाली आणि २००५ साली भारताने या रोगाचे प्रमाण राष्ट्रीय पातळीवर दहा हजारांत एकाहून खाली आल्याचे जाहीर केले. नवे रुग्ण मात्र आजही आढळतात, आणि जंतू मेले तरी मेलेले मज्जातंतू बहुधा परत येत नाहीत. शिवाय बधिर पावलांचे दुसरे, कितीतरी मोठे कारण आता घरोघर आले आहे. ते म्हणजे मधुमेह. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या साहाय्याने झालेल्या आणि २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार देशात सुमारे १० कोटी १० लक्ष लोकांना मधुमेह आहे. रक्तातील साखर वर्षानुवर्षे वाढलेली राहिली की मज्जातंतू दुबळे होतात, आणि जो तंतू सर्वांत लांब तो सर्वांत आधी. म्हणून बधिरता पायाच्या बोटांपासून सुरू होऊन मोजा चढवावा तशी वर चढते. रुग्ण कौतुकाने सांगतो, 'पूर्वी पाय दुखत, आता अजिबात दुखत नाहीत.' हे वाक्य ऐकले की आम्हा वैद्यांच्या मनात धस्स होते.

तंबाखू आणि पाऊल

संवेदनेबरोबर रक्तही पोहोचले पाहिजे. पावलाच्या वरच्या बाजूस, अंगठ्याच्या शिरेशेजारी, आणि आतल्या घोट्यामागे अशा दोन ठिकाणी नाडी हाताला लागते. मनगटाची नाडी सर्वांना ठाऊक असते. पावलाची फारच थोड्यांना. १९०८ साली लिओ बर्गर यांनी तरुण धूम्रपान करणाऱ्या पुरुषांत आढळणाऱ्या एका रोगाचे सविस्तर वर्णन केले. त्यात हातापायांच्या लहान रक्तवाहिन्या सुजून बंद होतात, चालताना पोटरी वा तळवा भरून येतो, पुढे बोटे काळी पडतात. विडी ओढणाऱ्या भारतीय तरुणांत तो चांगलाच परिचित आहे. निपाणी परिसराचा विडीचा तंबाखू नामांकित आहे. त्यावर असंख्य शेतकऱ्यांचे आणि विड्या वळणाऱ्या भगिनींचे संसार चालले. त्या श्रमांचा अनादर मी करणार नाही. परंतु ज्याचे बोट काळे पडू लागले त्याला एकच गोष्ट सांगणे प्राप्त आहे : तंबाखू कोणत्याही रूपात पूर्णपणे सोडल्याखेरीज हा रोग थांबविण्याचा खात्रीचा उपाय नाही. रोज एक विडी हीसुद्धा त्याला पुष्कळ होते.

आपली चप्पल

आपल्या भागात पावलाविषयी बोलायचे आणि कोल्हापुरी चप्पल वगळायची, हे शक्य नाही. ती केवळ कोल्हापूरची नाही. २०१९ साली तिच्या भौगोलिक मानांकनाची वार्ता आली तेव्हा महाराष्ट्रातील कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि कर्नाटकातील बेळगाव, धारवाड, बागलकोट, विजापूर असे आठ जिल्हे तीत होते. अथणी आणि निपाणीच्या कारागिरांनी बाभळीची साल व हिरडा यांनी कमावलेल्या चामड्यातून ही कला जोपासली. सीमा कोणतीही असो, चप्पल दोन्हीकडची आहे.

निरोगी पावलाला ती चांगली. बोटे मोकळी राहतात, हवा खेळते, आणि चालताना अंगठा व शेजारचे बोट यांची पकड घट्ट राहिल्याने तळव्याचे लहान स्नायू कामात राहतात. परंतु बधिर पावलाला तीच चप्पल घातक ठरते. अंगठ्याची पट्टी बोटांच्या बेचक्यात घासते आणि कळत नाही. टाचेला मागून बंद नसल्याने चप्पल पायातून निसटते आणि तेही कळत नाही. कठीण तळ चवड्याच्या एकाच जागी दाबत राहतो. ब्रँड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अशा रुग्णांसाठी सूक्ष्म छिद्रांच्या मऊ रबराचा तळ असलेली, मागे पट्टा बांधलेली पादत्राणे प्रचारात आणली. तेच तत्त्व आज मधुमेहींनाही लागू आहे. आपल्या कारागिरांच्या हातांत हे कौशल्य निश्चित आहे. मऊ तळाची, मागे पट्टा असलेली, अंगठ्याविना पट्ट्यांची चप्पल त्यांनी मनावर घेतली, तर ती शेकडो पाय वाचवील.

राखण

ज्यांना मधुमेह आहे, ज्यांना पूर्वी कुष्ठरोग होऊन गेला आहे, त्यांनी आणि त्यांच्या घरच्यांनी पुढील गोष्टी मनावर घ्याव्यात.

रोज संध्याकाळी पाय धुवावेत, बोटांच्या बेचक्या कोरड्या पुसाव्यात आणि उजेडात तळवे पाहावेत. वाकता येत नसेल तर आरसा जमिनीवर ठेवावा. दिसत नसेल तर नातवंडाला पाहावयास सांगावे. लाली, फोड, भेग, चिखल्या, घट्टा, कोठे ऊब लागणे, यांतील काही दिसल्यास दुखत नाही म्हणून दुर्लक्ष करू नये. दुखत नाही हेच भिण्याचे कारण आहे.

भेगाळलेल्या टाचांना तेल किंवा व्हॅसलिन लावावे. बेचक्यांत मात्र लावू नये. कुरूप ब्लेडने कापू नये, त्यावर जळजळीत औषधे लावू नयेत. नखे सरळ कापावीत. पाय शेकू नयेत, आणि गरम पाण्यात पाऊल घालण्यापूर्वी कोपराने पाणी पाहावे. पादत्राण घालण्यापूर्वी ते झटकून आत हात फिरवावा. घरातही अनवाणी फिरू नये. देवळाच्या प्रांगणात दुपारी फरशी तापलेली असते. बधिर तळव्याला चटका समजत नाही आणि दर्शनाहून परतताना पायाला फोड आलेले असतात. अशांनी सकाळी लवकर जावे किंवा जाड मोजे घालावेत. भक्तीत त्याने उणेपणा येत नाही.

वर्षातून एकदा वैद्याकडून पावलाची तपासणी करून घ्यावी. दहा ग्रॅमचा दाब देणारा नायलॉनचा धागा तळव्याला टेकवून संवेदना पाहिली जाते. तिला काही मिनिटे पुरतात. घरीही एक साधी परीक्षा करता येते. रुग्णाने डोळे मिटावेत, दुसऱ्याने दोन्ही पावलांच्या अंगठ्याला, मधल्या बोटाला आणि करंगळीला बोटाचे टोक अलगद लावावे आणि स्पर्श कळला का ते विचारावे. दोन किंवा अधिक ठिकाणी कळला नाही, तर तपासणीस जावे. क्षत पडलेच, तर त्यावरचा सर्वांत मोठा उपचार म्हणजे त्या जागेवर भार न देणे. मलम त्यानंतर येते.

समारोप

नडगीचे उघडे हाड, पोटरीचा रहाट, घोट्याची खाच, तळव्याचे धनुष्य हे सारे निसर्गाने आपल्याला न मागता दिले आहे. ते बिघडले तर दुरुस्त करण्याची साधने गेल्या शंभर वर्षांत पुष्कळ वाढली. संवेदना मात्र एकदा गेली की सहसा परत येत नाही. तिच्या जागी डोळे, हात आणि शेजारी बसणारे माणूस यांना उभे करावे लागते. बधिर पावलाची राखण हे म्हणूनच एकट्या रुग्णाचे काम नसून घराचे काम आहे.

या विद्यालयाच्या माजी विद्यार्थ्यांना माझी एक विनंती आहे. आपल्यापैकी अनेकांचे आईवडील वयोवृद्ध आहेत आणि अनेकांना मधुमेह आहे. आपण घरी जातो, वाकून त्यांना नमस्कार करतो. यापुढे नमस्कारासाठी वाकाल तेव्हा क्षणभर तेथेच थांबा, ती पावले हातात घ्या, उलटून तळवे पाहा. चरणस्पर्शाची जी रीत आपल्याला वडीलधाऱ्यांनी शिकविली, तिच्यात एका वैद्यकीय तपासणीची सोय आधीच करून ठेवलेली आहे.